शेपटीत बसलेली थोरली

"दादाचे गुडघे हनुवटीला लागतील, आत्ताच सांगून ठेवते," नणंदबाई पुटपुटल्या. "ही काय बसायची जागा झाली? आणि चालवणार कोण, तर म्हणे..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण गिळल्याचासुद्धा आवाज थोरलीला ऐकू आला. दोघींच्या मध्ये होता तो नुसता पत्रा, आणि तोही वहीच्या पुठ्ठ्याहून फार जाड नव्हता.

थोरली त्या वेळी विमानाच्या शेपटीत आडवी होती आणि नणंदबाईंना याचा साफ विसर पडला होता. यात त्यांचा फार दोष नाही. इतकी वर्षं थोरली विमानाच्या पोटात नाहीतर शेपटीतच असायची. ती बाहेर दिसली तरच लोक दचकायचे. नणंदबाई आधी विमानाच्या दारातून डोकावल्या होत्या, आतल्या दोन खुर्च्या त्यांनी परीक्षेचा पेपर तपासावा तशा पाहिल्या होत्या, आणि आता शेपटीला टेकून स्वतःशीच बोलत होत्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्या. स्वतःशी बोलल्या तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं.

गुडघे हनुवटीला का लागतील, असं थोरलीच्या मनात आलं. तिच्या नवऱ्याचे, थोरल्याचे, पाय ताडासारखे लांब हे खरं. पण त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या जागेत त्याचेच गुडघे का मावू नयेत? शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. सुईच्या नेढ्याइतकीसुद्धा चूक त्याच्या हातून व्हायची नाही.

तेवढ्यात बाहेरून हवेच्या बंदुकीचा फर्रर्र आवाज झाला, आणि तिने लोखंडी ठोकळा दाबून धरला.

हे काम एकट्याचं नाही. बाहेरून एकाने बंदुकीने रिव्हेटचं, म्हणजे टोपीच्या खिळ्याचं, डोकं ठोकायचं, आणि त्याच क्षणी आतून दुसऱ्याने ठोकळा घट्ट धरायचा. म्हणजे रिव्हेटची दांडी आतल्या अंगाने चेपते आणि पत्र्याला पत्रा कायमचा शिवला जातो. शेपूट म्हणजे एक लांबोडकं नळकांडं, पुढे ऐसपैस आणि मागे निमुळतं. खुर्च्यांमागच्या सामानाच्या जागेतून डोकं आधी घालायचं, कोपरांवर सरपटत जायचं, उशी ओढून घ्यायची आणि कुशीवर वळायचं. सगळ्या घरात या नळकांड्यात मावणारी थोरली एकटीच. एकदा मधल्या दिराला घालून पाहिलं होतं. आत तो हौसेने गेला. बाहेर यायलाही तो तयार होता, पण विमान त्याला सोडायला तयार नव्हतं. शेवटी मधलीने साबणाचं पाणी केलं, आणि दाताच्या डॉक्टरला त्याच्याच बायकोने, अडकलेली दाढ काढावी तसं, हलवून हलवून बाहेर ओढलं.

बंदूक सुरू असताना बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून नवरा-बायकोने टकटक ठरवली होती. आतून ठोकळ्याची एक टक म्हणजे बसलं, पुढे चला. दोन म्हणजे अजून जरा ठोका. तीन म्हणजे बिघडलं, काढा आणि नवीन घाला. कधीतरी ही भाषा शेडमधून घरात शिरली. जेवताना तो एक घास खाऊन ताटावर दोनदा टकटक करायचा, आणि ती उठून मीठ आणायची. नवीन सदरा घालून तो आरशासमोर उभा राहिला की मागून दारावर तीन टक व्हायच्या, आणि तो मुकाट्याने सदरा बदलायचा. पाहुण्यांना वाटायचं, दोघांचं वाजलंय आणि अबोला आहे. खरं तर दोघं दिवसभर बोलत असायची.

विमान घरात आलं ते एका फुशारकीपायी. मधल्याने नवी मोटार घेतली त्या दिवशीच्या जेवणाची गोष्ट या घराण्यात पोराबाळांनाही पाठ आहे. मोटारीच्या खिडक्या कशा आपोआप वर जातात, हे मधल्याने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा थोरल्याने हात धुता धुता म्हटलं होतं की मी विमान घेतोय. सगळे हसले. हसले नसते तर बरं झालं असतं. कारण थोरला एकदा बोलला की स्वतःच्या शब्दाला असा धरून बसायचा, जसा काही तो दुसऱ्याने दिलेला आहे. काही महिन्यांनी दुकानामागच्या शेडसमोर लाकडी खोकी उतरली. दोन माणसं आणि थोडं सामान नेईल, साध्या माळावरही उतरेल, असं कामाचं छोटं विमान. सगळं सुटं, आपलं आपण जोडायचं.

मग काय, सगळ्यांनी हात लावला, आणि हात लावला म्हणून हक्क सांगितला. विमानात खुर्च्या दोन. एक चालवणाऱ्याची. उरली एक, आणि दावेदार घरभर. नणंदबाईंनी सूचनांचं जाडजूड पुस्तक शुद्धलेखन घालावं तसं मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मधल्याने दात बघायचे छोटे आरसे दिले होते, कोपऱ्याकापऱ्यातली रिव्हेटं बघायला. त्यातला एक चुकून परत दवाखान्यात गेला तेव्हा एका पेशंटने तोंडात मशीनच्या तेलाचा वास येतो अशी तक्रार केली, ती गोष्ट वेगळी. मधली विम्याची एजंट. तिने खुर्च्यांना कव्हरं शिवली आणि त्या कव्हरांच्या जोरावर ती नणंदेशी दोन वर्षं बोलत नव्हती. मग नणंद आणि मधली एक झाल्या आणि मधल्याला एकटं पाडलं. मग बहीणभाऊ एक झाले. दरवेळी कोण कोणाच्या बाजूला आहे हे चहाचे कप कोणी कोणाच्या हातात दिले त्यावरून कळायचं.

थोरला या भांडणात कधी पडला नाही. तो शांतपणे म्हणायचा, "आधी शेजारी कोण बसणार ते ठरवा. मग उडू."

आणि ठरायचं नाही. थोरलीला पुष्कळ दिवसांनी कळलं की ठरत नव्हतं हीच त्याची सोय होती.

कारण एक गोष्ट अशी होती की ती घरातल्या प्रत्येकाला थोडीथोडी माहीत होती आणि पुरती बोललेली कोणालाच चालली नसती. सासूबाईंना माहीत होती, कारण लहानपणी गच्चीच्या शिडीवर चौथ्या पायरीला अडकलेला थोरला उतरवायला शेजारचे दोन गडी लागले होते. नणंदबाईंना माहीत होती, कारण शाळेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि दादा कधीही आला तरी फाटकापाशी उभा राहून शिपायाकरवी त्यांना खाली बोलावून घ्यायचा; वर म्हणायचा, तुला जरा चालणं होईल. घरातले बल्ब थोरली बदलायची.

अशा माणसाच्या पन्नाशीला भावंडांनी मिळून काय भेट द्यावी? तर विमान चालवायची शिकवणी. पैसे आधीच भरलेले, परत मिळायचे नाहीत. पहिल्या दिवशी थोरला वर गेला. खाली आला तेव्हा शिकवणाऱ्या कॅप्टनने थोरलीला बाजूला घेऊन सांगितलं की साहेबांनी डोळे उघडलेच नाहीत, फक्त एकदा विचारलं, आलो का खाली.

आता थोरलीचा स्वभाव असा, की कोणी ताटात टाकलेलं तिला बघवायचं नाही. मुलं लहान असताना त्यांच्या ताटातला उरलेला घास न् घास तिने संपवला होता. भरलेले तास असे उघड्यावर वाया चाललेले बघून तिला राहवेना. पुढच्या आठवड्यात ती थोरल्याबरोबर मैदानावर गेली, आणि तो कँटीनमध्ये पेपर उघडून बसला तेव्हा त्याचा उरलेला तास तिने संपवला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही संपवला. असे सगळे संपवले. परीक्षाही दिली, नापास होऊन फी फुकट घालवणं तिला जमणारं नव्हतं. तिच्या नावाचा परवाना आला तो थोरल्यानेच पोस्टमनकडून घेतला आणि काही न बोलता तिच्या मशीनच्या खणात बॉबिनांच्या डबीखाली ठेवून दिला.

यावर दोघांत एक शब्द झाला नाही. मोटारीत नाही, घरी नाही. मैदानावरून परतल्यावर मधला विचारायचा, काय दादा, वारा कसा होता? थोरला म्हणायचा, होता जरा. मधल्यानेही एकदा कँटीनच्या खिडकीतून पेपरामागचा दादा पाहिला होता, आणि डोक्यावर घिरट्या घालणारं विमानही पाहिलं होतं. पण तोही वाऱ्याचंच विचारत राहिला.

आणि थोरली? तिला एकच हवं होतं. मैदानावरच्या भाड्याच्या विमानात नाही; ज्याचा पत्रा न् पत्रा आपण आतून धरून शिवला, त्यात बसून वर जायचं. पण विमान पुरं झालं की थोरल्याला चारचौघांत त्यात चढावं लागणार, नाहीतर का चढत नाही ते सांगावं लागणार. भावंडांसमोर त्याचं तोंड कसं होईल, याची तिला कल्पना होती. म्हणून गेलं वर्षभर ती खोटं बोलत होती. रिव्हेट मोत्यासारखं बसलेलं असायचं, आणि ती तीनदा टकटक करायची. बाहेर थोरल्याचा सुटलेला श्वास पत्र्यातून ऐकू यायचा. मग तो गुणगुणत ते चांगलंचुंगलं रिव्हेट काढायचा. काढलेल्या रिव्हेटांची बरणी आता तिला एका हाताने उचलवत नव्हती.

पण आज पळवाट नव्हती. आज तपासनीस आला होता.

तपासनीस म्हणजे विमान उडण्याजोगं झालंय का हे बघणारा सरकारी माणूस. नाक चोंदलेला, चेहऱ्याने कंटाळलेला. त्याने इंजीन पाहिलं, तारा ओढून पाहिल्या, चाकांना पायाने ढकललं. शेपटीवरच्या पत्र्याची शेवटची ओळ तेवढी राहिली होती. ती आपल्यासमोर ठोकून पुरी करा, मग सही करतो, असं त्याने सांगितलं होतं. सगळं घर शेडमध्ये जमलं होतं. सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अगदी पुढे बसवलं होतं, नाटकाला बसवावं तसं.

आतून थोरलीला माणसं दिसत नव्हती. दिसत होती ती भोकं. ज्या भोकांत रिव्हेटं बसायची होती त्यांतून उजेडाचे ठिपके येत होते. डोक्यावर एका ओळीत चांदण्या लावल्यासारखे. कोणी आडवं आलं की चांदणी विझायची. एकेक रिव्हेट बसलं की एकेक कायमची विझत होती. फर्रर्र, एक टक. फर्रर्र, एक टक. अजून पाच-सहा उरल्या होत्या, तेव्हा तपासनिसाने नाक पुसत विचारलं, "चालवणार कोण?"

"दादा," सगळे एकदम म्हणाले. एकदम म्हणाले, पण सूर वेगवेगळे लागले.

"आणि शेजारी?"

बंदूक थांबली. थोरलीने कान टवकारले. आता होणार, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांचं भांडण, आणि तेही सरकारी माणसासमोर.

पण झालं भलतंच.

"मधल्याचा मान पहिला," नणंदबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही औदार्य होतं की थोरलीला आत उशीवरच ठसका लागला. "त्याने आरसे दिले. मी काय, नुसतं वाचून दाखवलं."

मधला म्हणाला की छे छे, ताई, तू वाचलं नसतंस तर एक खिळा बसला नसता. या खुर्चीवर तुझंच नाव आहे, मी लहान आहे, मी थांबेन. नणंदबाई म्हणाल्या की लहान आहेस म्हणूनच तुझे लाड व्हायला हवेत. मधला म्हणाला की त्याच्या कानात हल्ली दडे बसतात. नणंदबाईंनी सांगितलं की त्यांच्या एका गुडघ्यात पाणी झालंय आणि दुसऱ्यात होणार आहे. ज्या खुर्चीसाठी दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा सोडला होता, ती आता इतकी पुढेमागे ढकलली जात होती की तिला चाकं असती तर एव्हाना ती शेडबाहेर गेली असती.

मग मधली मध्ये पडली. धंदाच तसा असल्यामुळे कुठे धोका आहे हे तिला आधी कळायचं. ती म्हणाली की आपण सगळे वेडे आहोत, नवऱ्याच्या शेजारी बायकोच शोभते, मान थोरल्या वहिनींचा. हे दोघांनाही इतकं पटलं की इतक्या रुसव्याफुगव्यांनंतर नणंदबाईंनी मधलीला चक्क शहाणी म्हटलं.

"पण वहिनी आहेत कुठे?" मधल्याने विचारलं.

"शेपटीत," थोरला म्हणाला.

आपण मघाशी नेमकं कुठे टेकून काय बोललो, हे नणंदबाईंना बहुधा तेव्हा आठवलं असावं, कारण त्यांची साडी सळसळत लांब गेल्याचं थोरलीला ऐकू आलं.

"वहिनी, बसाल ना तुम्ही दादाच्या शेजारी?" मधलीने गोड आवाजात पत्र्याला विचारलं.

थोरलीने दोनदा टकटक केली.

"म्हणजे हो का?"

"म्हणजे अजून जरा ठोका," थोरला म्हणाला.

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या.

त्या बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांना धसकाच बसला. "मी बसते त्याच्या शेजारी. माझं आता असं काय राहिलंय मागे?"

"आई, म्हणजे काय?" थोरल्याचा आवाज जरा चिरकला.

"म्हणजे काही नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "तू चालवणार म्हणालास, म्हणून आपलं म्हटलं."

कोणी खोकलं. कोणी चहाचा कप विनाकारण बशीत फिरवला. ती गोष्ट, जी कोणी बोलत नव्हतं, शेडच्या मधोमध येऊन उभी राहिली होती, आणि सगळे तिला वळसा घालून एकमेकांकडे बघत होते.

तपासनीस या घरचा नव्हता, त्यामुळे त्याला काहीच दिसलं नाही. त्याने सांगितलं की शेजारी कोणीच बसायचं नाहीये. नवं विमान, सुरुवातीचे ठरावीक तास चालवणाऱ्याने एकट्यानेच उडवायचं, तसा नियमच आहे. हे त्या जाड पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.

सगळ्यांचे डोळे नणंदबाईंकडे वळले असणार, कारण त्या म्हणाल्या, "पहिलं पान मी प्रस्तावना म्हणून सोडलं होतं."

आणि मग सगळ्यांच्या अंगात शौर्य संचारलं. एका खुर्चीवरून केवढं रामायण झालं होतं, आणि आता त्या खुर्चीवर बसायची मनाई, आणि तीही सरकारी. नणंदबाईंना भयंकर वाईट वाटलं. त्या तर मनातून केव्हाच तयार झाल्या होत्या, गुडघ्याचं काय, माणूस मनाने उडतो. मधला म्हणाला की त्याने दवाखान्याला सुट्टीसुद्धा लावून ठेवली होती. मधलीचं कुठल्या रंगाचा रुमाल डोक्याला बांधायचा तेही ठरलेलं होतं. एकमेकांची समजूत घालता घालता तिघांना इतका उत्साह आला की आजच संध्याकाळी विमान मैदानावर न्यायचं ठरलं. मधला ट्रकवाल्याला फोन करतो म्हणाला. पंख सुटे नेऊन तिथे जोडू, आणि उद्या सकाळी हवा पडलेली असते तेव्हा...

"उद्या सकाळी काय?" थोरल्याने विचारलं.

"उद्या सकाळी तू उडशील," मधला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज ओसरला. फुग्यातली हवा जावी तसा.

थोरलीला नवऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. पण उरलेल्या भोकांपैकी एक त्याच्या खांद्याने झाकलं होतं, आणि तो अंधार हलत होता.

"आधी हे पुरं होऊ दे," थोरला म्हणाला. फर्रर्र.

रिव्हेट चांगलं बसलं होतं. ठोकळा हातात घेऊन थोरली थांबली. तीन टक दिल्या तर? हे रिव्हेट काढायला तासभर घालवील तो. पुढचंही काढील. तपासनीस कंटाळून जाईल, मग त्याची पुढची तारीख मिळायला कोण जाणे किती दिवस. ट्रक परत जाईल. थोरला रात्री गुणगुणत जेवेल. आणि ती पुन्हा येऊन या नळकांड्यात आडवी होईल, आणखी एक वर्ष, मग आणखी एक, आणि एक दिवस तीही इथे मावेनाशी होईल.

तेवढ्यात मघाचं पुटपुटणं तिला पुन्हा आठवलं. गुडघे हनुवटीला.

"वन्सं," तिने हाक मारली. शेपटीत तिचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमला. "डाव्या खुर्चीपुढचे पायडल तुम्ही पाहिलेत ना मघाशी? कुठे आहेत ते?"

नणंदबाई ओशाळून जवळ आल्या. मघाचं मनावर घेऊ नका म्हणाल्या. पण तपासायला दिलेला पेपर त्या अर्धवट सोडणाऱ्या नव्हत्या. विमानाच्या दारात वाकून त्यांनी परत पाहिलं आणि सांगितलं की पायडल अगदी खुर्चीला चिकटवून बसवलेत, आणि खुर्ची चांगली वीतभर उचलून घेतलीय. "दादाचे पाय मावायचेच नाहीत त्यात. तुमच्याएवढं ठेंगणं माणूस असतं तर एक वेळ ठीक."

डावी खुर्ची चालवणाऱ्याची.

आठवडाभरापूर्वी थोरल्याने तिला भिंतीला टेकून बसवलं होतं आणि गळ्यातली टेप काढून कमरेपासून टाचेपर्यंत तिचा पाय मोजला होता. का म्हणून विचारलं, तर म्हणाला, तुझ्या मशीनखाली पायाला टेकू बनवतोय. दोनदा मोजला. मग बसल्या जागी तिच्या डोळ्यांची उंचीही मोजली, तेव्हा ती म्हणाली होती की टेकूला डोळे कशाला लागतात? त्यावर त्याने भिंतीवर एकदा टक केली होती आणि टेप गुंडाळून निघून गेला होता. टेकू काही आला नाही. ती विसरूनही गेली होती.

तिने उशाशी ठेवलेला बॅटरीचा छोटा दिवा तोंडात धरला, आरशाने ते रिव्हेट पुन्हा पाहिलं, आणि एक टक दिली.

मग पुढचं. फर्रर्र. एक टक. पुढचं. एक टक. चांदण्या विझत गेल्या. शेवटची एकच राहिली, बरोबर तिच्या नाकासमोर, आणि तिच्यातून तिला थोरल्याच्या सदऱ्याचं एक बटण दिसत होतं. तिनेच लावलेलं. मग रिव्हेट आत आलं आणि बटण गेलं.

फर्रर्र.

तिने अंगठा फिरवला. दांडी गोल, सपाट, एकसारखी चेपली होती. इतकं देखणं रिव्हेट दोघांनी मिळून आजवर ठोकलं नव्हतं. तिने एकदा टक केली.

"नीट बघ," बाहेरून थोरला म्हणाला.

एक टक.

"अगं, आरसा लावून बघ. मला हाताला जरा वेगळं लागलं."

एक टक.

सासूबाईंची खुर्ची कुरकुरली. तपासनिसाने पेन काढलं असावं, कारण टोपण उघडल्याचा टिच्च आवाज आला. आणि मग पत्र्यावर, बाहेरून, अगदी हळू, टक. टक. टक. तीन. एवढ्या वर्षांत बाहेरून टकटक कधी झाली नव्हती. बसलं की नाही, हे सांगायचं काम तिचं होतं. आता तो विचारत होता. विचारत नव्हता, तिच्याकडून तीन टक मागत होता.

थोरलीने ठोकळा खाली ठेवला. पाठ अवघडली होती, कोपर सोललं होतं, तोंडात दिव्याच्या दांड्याची चव होती. तिने दिवा काढला आणि अंधारात पत्र्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. हळूच बोलायचा तिचा विचार होता, फक्त त्याच्यापुरतं. पण शेपटीने तिचा आवाज उचलला आणि सगळ्या शेडला ऐकवला.

"अहो, रिव्हेट चांगलं बसलंय. वर्षभर सगळीच चांगली बसलीयत, तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हाला वर जायची भीती वाटते." तिने श्वास घेतला. "मला नाही वाटत. पायडल माझ्या मापाचे लावलेत तुम्ही. आता विमान मी उडवते, तुम्ही खाली उभे राहा."

बाहेर मधली काहीतरी बोलू लागली होती, तिला कोणीतरी गप्प केलं. बहुतेक सासूबाईंनी. थोरली कान पत्र्याला लावून पडून राहिली.

मग तिच्या कानापाशी, जिथे शेवटची चांदणी विझली होती तिथे, बाहेरून एकदाच टक झालं.